आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे

वाईतल्या एका वाड्याच्या शेडमध्ये १९७० सालची फियाट अकराशे डिलाइट उभी आहे. मालक वारले, वाडा विकायचा आहे, वारसांना जागा मोकळी करून हवी आहे. गाडीचे एक लाख साठ हजार सांगतात. सई पुण्यात आर्किटेक्ट आहे, कोथरूडला राहते, आणि तिला ही गाडी घ्यायचीच आहे. तिच्या मामाचं आयुष्य नाना पेठेतल्या गॅरेजात गेलं. फियाट, अँबॅसिडर आणि जीपच्या खाली झोपून त्यानं संसार उभा केला. अशा गाडीपायी दमडीही घालवू नये, हे त्याचं मत. दोघं मिळून गाडी बघून आले आणि परतताना शिरवळला चहाला थांबले. तिथून सुरू झालेला हा वाद.

सई : बोल आता. वारसांसमोर तोंड उघडलं नाहीस ते बरं केलंस. इथं आपण दोघंच आहोत.

मामा : घेऊ नकोस.

सई : एवढंच?

मामा : एवढंच पुरे आहे. पण तू ऐकणाऱ्यातली नाहीस, म्हणून कारणं सांगतो.

सई : इंजिन जाम आहे, हे ते स्वतःच सांगत होते.

मामा : इंजिन ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. प्लग काढायचे, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं, चार दिवस मुरू द्यायचं. चाकं सुटी झाली की गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागून हलकेच ढकलायची. प्लग काढलेले असतात त्यामुळे कॉम्प्रेशनचा विरोध नसतो. गंजानं धरलेल्या रिंगा सुटायच्या असतील तर अशाच सुटतात. लोक घाईनं नवी बॅटरी लावतात, सेल्फ मारतात आणि रिंगा मोडून घेतात.

सई : आणि सुटल्यावर?

मामा : कॉम्प्रेशन गेज लावायचा. चारही सिलिंडर जवळपास सारखा आकडा दाखवत असतील तर निम्मी काळजी मिटली. एखाद्यात कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या आहेत, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. दोन्हींवर इलाज आहे. बोअर करता येतं, व्हॉल्व्ह घासता येतात. खोलून पुन्हा जोडता येतं, त्याला मी आजार म्हणत नाही.

सई : मग आजार कशाला म्हणतोस?

मामा : पत्र्याला. मी जॅक लावला आणि तुला ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघड-बंद करायला सांगितलं होतं. काय झालं?

सई : जमिनीवर असताना लागत होतं. उचलल्यावर खालच्या कोपऱ्यात घासायला लागलं.

मामा : याचा अर्थ तुम्हा आर्किटेक्टांना कळायला हवा. या गाडीला ट्रकला असते तशी वेगळी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चॅसी. दारांच्या खालून जी पोकळ पेटी पुढून मागे जाते, ती सगळं वजन तोलते. ती आतून कुजली की गाडी मधोमध वाकते आणि दाराची फट बदलते. मी तिथं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो तेव्हा पुढं टणटण आवाज येत होता, मागच्या चाकाजवळ आला की बद्द. चुंबकही धरत नव्हता.

सई : तो फडक्यात गुंडाळलेला चुंबक? मला वाटलं रंगाला चरे पडू नयेत म्हणून.

मामा : फडकं त्यासाठीच, चुंबक लांबी, म्हणजे पुट्टी, शोधायला. पत्रा सडला की तो भाग कापून नवा पत्रा कुणी जोडत नाही. भोकावर जाळी लावतात, वर लांबी फासतात आणि रंग मारतात. वरून गुळगुळीत. चुंबक मात्र लांबीला चिकटत नाही. तुझ्या गाडीला डाव्या बाजूला खाली वीतभर लांबी आहे. मागचं मॅटिंग उचललं तेव्हा फ्लोअरमधून शेडची फरशी दिसली ती तूही बघितलीस.

सई : बघितली. पण पुढची जागा शाबूत होती ना? सस्पेन्शन जिथं बसतं ती?

मामा : ती शाबूत आहे, हे कबूल. आणि तू विचारलंस ते बरोबर जागेबद्दल विचारलंस. पुढच्या सस्पेन्शनचा पाया गेला असता तर मी चहालाही थांबलो नसतो, सरळ घरी नेलं असतं तुला.

सई : म्हणजे पत्रा बदलता येतो.

मामा : येतो. करणारा पाहिजे. आत आधार लावून, दारं जागेवर ठेवून, एका वेळी एकच बाजू कापायची असते. सगळं एकदम कापलं तर पेटी तिरकी होते आणि मग जन्मभर दारं लागत नाहीत. असं काम करणारे माझ्या ओळखीत होते. कुणी गेले, कुणाची नजर गेली. पोरं आता पत्रा ठोकत नाहीत. कंपनीकडून अख्खं पॅनेल येतं, जुनं काढून नवं बसवतात.

सई : मामा, हाच तर माझा मुद्दा. कामच आलं नाही तर हात कसे टिकतील? वाड्याच्या दुरुस्तीत मी हेच बघते. चुना मळणारा गवंडी मिळत नाही म्हणून सिमेंट वापरतात, आणि सिमेंट वापरतात म्हणून चुन्याचा गवंडी उरत नाही. कुणीतरी पैसे मोजून जुनं काम मागितल्याशिवाय हे चक्र सुटणार नाही.

मामा : म्हणजे महाराष्ट्रातले पत्रेवाले वाचवायचा मक्ता तू घेतलास.

सई : एकाला वर्षभराचं काम दिलं तरी पुष्कळ झालं. हौसेला मोल नसतं म्हणतात.

मामा : मोल नसतं, बिल असतं. बरं, मला एक सांग. ही गाडी तुला कशाला हवी? कामावर न्यायला तुझ्याकडे चांगली गाडी आहे. एसी आहे, एअरबॅग आहेत.

सई : ही गाडी आपल्याकडची आहे म्हणून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्या कारखान्यात फियाट बनायला लागल्या. पन्नाशीच्या दशकात गोलमटोल डुक्कर फियाट, १९६४ पासून ही डिलाइट, मग सत्तरीच्या दशकात फियाट नाव जाऊन प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी. नवं शतक उजाडेपर्यंत तीच गाडी, थोडेफार दिवे आणि ग्रिल बदलून. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच.

मामा : मला सांगतेस? माझ्या हाताखालून गेल्यात त्या.

सई : म्हणूनच सांगते. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस जपल्या जातात. अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्डमध्ये जा, रांगेनं उभ्या आहेत. पण इथल्या डॉक्टरनं, वकिलानं, कारखान्याच्या मॅनेजरनं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली गाडी? ती कुणी जपत नाही, कारण ती सगळीकडे होती. सगळीकडे असलेली गोष्ट आधी नाहीशी होते. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि विषय संपला.

मामा : विषय संपला तो बरोबरच संपला. तुला त्या टॅक्सीत मागं बसून आठवणी येतात. चालवणाऱ्याला विचार. बारा तास स्टिअरिंगवरचा गिअर ओढायचा, उन्हाळ्यात बोनेटमधून पायावर गरम हवा, ट्रॅफिकमध्ये वाफ झाली की बाटलीतून पाणी ओतायचं. आणि लोक नंबर लावून वाट का बघायचे? गाडी ग्रेट होती म्हणून नव्हे. परवानाराज होतं, बाजारात दोन-तीनच गाड्या होत्या. फियाट घ्या, अँबॅसिडर घ्या, नाहीतर मद्रासची हेराल्ड घ्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि माझ्या गिऱ्हाइकांनी मागं वळून बघितलं नाही. ज्यांच्याकडे पर्याय नव्हता त्यांच्या गाडीचा तू इतिहास करतेस.

सई : पर्याय नव्हता हाही इतिहासच आहे. एक वस्तू पस्तीसहून अधिक वर्षं फारशी न बदलता विकली गेली, लोकांनी ती दुरुस्त करत करत दोन पिढ्या वापरली, यावरून त्या काळाबद्दल जितकं कळतं तितकं रोल्स-रॉइसवरून कळत नाही. तुझं गॅरेज चाललं ते त्यामुळेच.

मामा : हं. ते खरं आहे. नव्या गाडीवर मी जगलो नसतो.

सई : मग?

मामा : मग एक विचारतो. तू म्हणतेस, साधी गाडी होती म्हणून जपायची. ठीक. पण जपणार कशी? पॉलिश करून, कव्हर घालून, वर्षातून एकदा रॅलीला नेऊन? मग ती साधी राहिली कुठं? साधी गाडी म्हणजे जिच्यातून गव्हाचं पोतं दळायला गेलं, जिच्यात सहा जण कोंबून ज्योतिबाला गेले. ती शोभेला ठेवलीस की तिचीही रोल्स-रॉइस झाली. फक्त स्वस्तातली.

सई : … हे मी असं बघितलं नव्हतं.

मामा : बघ मग. आणि यात कागदाचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. नंतर नूतनीकरणाला पाच हजार.

सई : मी तेच करणार होते. १९७० ची आहे, बसते त्यात. आधी नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. तो तीन अक्षरांचा, एमएच यायच्या आधीचा नंबर मला घालवायचा नाही.

मामा : पुढचं वाचलंस का? अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. बस्स. रविवारी मंडईत भाजीला नेलीस तर नियमात बसत नाही.

सई : म्हणजे व्हिंटेज नोंदणी केली की ती कायद्यानंच शोभेची होते.

मामा : कायद्यानंच. आता मला सांग, तुला हीच गाडी जपायची आहे की हिची मूर्ती?

सई : दुसरा रस्ता आहे ना. साधी खासगी नोंदणीच चालू ठेवायची. सगळे म्हणतात पंधरा वर्षांनी गाडी बाद होते, पण ते दिल्ली परिसराचं प्रकरण आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून मिळते.

मामा : मिळते, पण गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते आणि पास व्हावी लागते. पर्यावरण कर वेगळा. फीही पूर्वीसारखी शेकड्यांत राहिली नाही. २०२२ मध्ये पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला दहा हजार. शिवाय पीयूसी, विमा, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. सरकारचा इशारा स्पष्ट आहे, जुनी गाडी ठेवायची तर पैसे मोजा.

सई : मोजते. तेवढ्यावर ती मंडईत जाणार असेल तर स्वस्त आहे.

मामा : थांब, अजून तुझी झाली नाही ती. आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?

सई : वारलेल्या आजोबांच्या.

मामा : आणि वारस किती?

सई : वाड्यात भेटले ते काका, त्यांची बहीण साताऱ्याला, आणि एक भाऊ न्यू जर्सीत.

मामा : वाड्यातले काका तुझ्याकडून इसार घ्यायला तयार होते. कुठल्या अधिकारानं? सातबाऱ्यावर वारसांची नावं चढल्याशिवाय जमीन विकता येते का? तसंच हे. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमतीपत्रं. ती झाली की मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. न्यू जर्सीतल्या भावाची सही आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आज तो म्हणेल, काय ते करा. उद्या गाडी रंगवून फेसबुकवर टाकलीस की म्हणेल, माझ्या वडिलांची गाडी मला न विचारता विकली.

सई : हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. मी चॅसी नंबरचा फोटो काढला, आरसी बुकाशी ताडून बघितला. इंजिन नंबरही जुळतो.

मामा : ते उत्तम केलंस. अनेक फियाटमध्ये वाटेत कधीतरी दुसरं इंजिन बसवलेलं असतं, बुकात नोंद नसते. मग तपासणीला अडकतात. ही मूळ इंजिनाची आहे, ही या गाडीची खरी किंमत. क्रोमची पट्टी आज ना उद्या जुन्या बाजारात सापडेल. जुळणारे नंबर बाजारात मिळत नाहीत.

सई : म्हणजे तुझ्याही मते या गाडीत काहीतरी आहे.

मामा : आहे म्हटलं, घे म्हटलं नाही. पैशाचं बोलू. सांगतात एक साठ. वर माझा ठोकताळा: घेतलेल्या किमतीइतकेच पैसे तिला चालती करायला बाजूला ठेवावेत, आणि पत्र्याचं काम निघालं तर त्याच्या वर. विकायला गेलीस तर यातलं बरंच परत येणार नाही. ही गुंतवणूक म्हणून करत असशील तर सोन्याचं वळं घे, त्याला पार्किंग लागत नाही.

सई : गुंतवणूक म्हणून नाहीच. पण पार्किंगचा मुद्दा खरा आहे. सोसायटीत मला एकच जागा आहे.

मामा : आणि ती उघड्यावर. तिथं तू कव्हर घालशील. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर सडते, कारण आतली वाफ बाहेर जात नाही. या गाडीला छत पाहिजे, हवा पाहिजे, आणि दर आठवड्याला चालवणारं माणूस पाहिजे. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, टाकीला आतून गंज चढतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. तुझ्या त्या आजोबांच्या गाडीला चालवून काही झालं नाही. जे झालं ते उभं राहून झालं.

सई : हे ऐकून तर मला आणखी घ्यावीशी वाटते. कारण चालवायचं म्हटलं तर मी चालवेन.

मामा : पेट्रोलही बदललंय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हाचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, सील त्याला टिकत नाहीत; फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी खाली बसतं. सगळे पाइप इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे घालावे लागतील, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवून चालणार नाही.

सई : पुन्हा तेच. चालवा, म्हणजे टिकेल.

मामा : हो, पुन्हा तेच.

सई : मग आता मी माझं मत थोडं सरकवते. मला वाटत होतं, गाडी पूर्ण मोडून, प्रत्येक स्क्रू उजळून, कारखान्यातून निघाली तशी करायची. ते नको. ती पंचावन्न वर्षांची दिसू दे. बोनेटवरचा रंग उडालाय तो उडालेलाच राहू दे. पण ती चालली पाहिजे, खासगी नोंदणीवर, रोजच्या रस्त्यावर.

मामा : हे ऐकायला बरं वाटलं. नवीकोरी करायच्या नादात लोक गाडी खोलतात, भाग पोत्यांत भरतात, पैसे संपतात, आणि मग ती पोतीच विकायला निघतात. माझ्या गॅरेजच्या पोटमाळ्यावर अशा दोन गाड्या होत्या. मालक फोनही उचलायचे नाहीत.

सई : मग तू माझ्या बाजूला आलास.

मामा : अजून नाही. घरी कशी आणणार होतीस?

सई : ते काका म्हणाले, मेकॅनिक आणून जागेवर चालू करू, आणि सकाळी लवकर निघाल्यास रस्ता मोकळा असतो…

मामा : म्हणूनच म्हणतो, घेऊ नकोस! वाईहून पुण्याला यायचं म्हणजे खंबाटकी आहे, पुढं कात्रजचा नवा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. तिथं ताबा सुटलेल्या ट्रकनी माणसं चिरडली आहेत. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वर्षानुवर्षं उभी असल्यामुळे व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या कडक झाल्यात. पेडल एक-दोनदा बरोबर लागेल, तिसऱ्यांदा जमिनीला टेकेल. आणि तिला सीटबेल्टही नाहीत.

सई : बरं बाबा, नाही चालवत. फ्लॅटबेडवर आणेन.

मामा : फ्लॅटबेडवरच. पुढची चाकं उचलून ओढत आणायची नाही, मागची चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडा फिरतो. नोंदणीची मुदत संपलेली आहे, विमा नाही. रस्त्यावर चाक टेकवलं तर तो गुन्हाही आहे. चाकं जाम आहेत म्हणून विंचनं घसटत चढवतील, तसं करू द्यायचं नाही. आधी वाड्यातच ड्रम उघडून चाकं मोकळी करायची. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ते बघितले मी. ते टायर फक्त शेडमधून ट्रकपर्यंत ढकलायच्या कामाचे.

सई : आणि घरी आल्यावर पहिलं काम?

मामा : मी पोरांना एकच शिकवलं. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, सगळे पाइप, शू, हँडब्रेक. मग किंगपिन आणि स्टिअरिंग. पुढचं चाक वर-खाली हलवल्यावर खडखडत होतं. मग पत्रा, कारण पेटी कमकुवत असेल तर ब्रेक चांगले असून उपयोग नाही. मग टाकी, पंप, कार्बोरेटर. रेडिएटर साफ करून कूलंट; ॲल्युमिनियमच्या हेडला नळाचं पाणी खातं. मग वायरिंग. जुन्या वायरचं कापडी आवरण हातात आलं ते बघितलंस ना? आग तिथून लागते. एवढं झालं की नोंदणी. सीट, क्रोम, रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. रंग आधी, कारण रंग फोटोत दिसतो.

सई : भाग मिळतील?

मामा : चालण्याचे मिळतील. पद्मिनीचे बरेच लागतात, नाना पेठेत अजून दोन-चार दुकानदार डबे जपून आहेत. टॅक्सी होत्या तोवर मुंबईत मालाला उठाव होता. आता आहे तो साठा संपला की पुन्हा कोण बनवणार? जे लागेल ते आत्ताच दोन-दोन घेऊन ठेवायचं. १९७० च्या डिलाइटचे दिवे, ग्रिल, पट्ट्या मात्र शोधत फिरावं लागेल. म्हणून गाडीबरोबर शेडमधलं सगळं मागून घे. तो कोपऱ्यातला गंजका डबा, फळीवरची ती हबकॅप, सगळं. विकणाऱ्याला तो भंगार वाटतो तोवरच.

सई : मामा, तू नको म्हणतोस आणि हबकॅप मोजून येतोस.

मामा : सवय आहे. माझं मत बदललेलं नाही. तुला गाडी फिरवायची हौस असेल तर कुणाची तरी नीट केलेली, चालती पद्मिनी घे. महाग पडेल, पण ज्यानं ती नीट केली त्याच्या पैशातला निम्मा खर्च तुला फुकट मिळेल. शहाणा माणूस दुसऱ्यानं दुरुस्त केलेली जुनी गाडी घेतो.

सई : शहाणपण पटतं. पण सगळेच शहाणे झाले तर पहिल्यांदा दुरुस्त कोण करणार? वाईच्या शेडमधली भंगारवाला नेईल आणि ते जुळणारे नंबर कापून वितळवले जातील.

मामा : … तो वाद तू जिंकलीस असं धर. आता व्यवहार बोल. किती देणार?

सई : एक साठ सांगतात. पत्रा, टायर, नोंदणी, फ्लॅटबेड हे सगळं धरलं तर… एक वीस?

मामा : ऐंशीपासून सुरू कर. जॅकवरचं दार त्यांना दाखव, शब्दानं भांडू नकोस. नव्वदपर्यंत ये. आणि नव्वद रोख नाही, बँकेतून, तिन्ही वारसांच्या सह्या झाल्यावर, फॉर्म आरटीओत दाखल करायच्या दिवशी. न्यू जर्सीवाला सही करत नसेल तर विषय बंद.

सई : आणि ठेवायची कुठं? तू म्हणालास, छत पाहिजे, हवा पाहिजे.

मामा : गॅरेजची मागची शेड रिकामी आहे. भाडं घेईन. आणि दर रविवारी सकाळी तू स्वतः यायचंस, पाना धरायला. माणूस ठेवून काम करून घेणार असशील तर शेडही नाही. ज्या मालकानं आपल्या गाडीचा ब्रेक ड्रम कधी उघडला नाही, त्याची गाडी पुन्हा उभी राहते, हे मी फार बघितलंय.

सई : रविवार कबूल. भाडं किती ते नंतर ठरवू. रंग कुठला करायचा? मूळचा तो फिकट निळा सुंदर होता, दाराच्या आतल्या कडेला अजून दिसतो.

मामा : रंगाचं नाव काढायचं नाही.

सई : कधीपर्यंत?

मामा : कात्रजच्या बोगद्यातून निघून नवले पुलापर्यंत तू मला बाजूला बसवून आणशील आणि मी हँडब्रेककडे हात नेणार नाही, तोपर्यंत.